मानपाड्याची निळी कॅप्सूल

सोमवार, १ फेब्रुवारी १९९९
मानपाडा रस्ता, डोंबिवली (पूर्व)

आमच्या प्रयोगशाळेची शिस्त अशी की, जे काम वहीत नोंदवले नाही ते झालेच नाही असे समजायचे. औषधांच्या गुणवत्ता-तपासणीत बावीस वर्षे काढल्यावर ही शिस्त माझ्या अंगात भिनली आहे. त्यामुळे आजपासून आईवर सुरू झालेल्या उपचाराची वेगळी वही ठेवणे मला आवश्यक वाटले.

आईचे नाव भागीरथी, वय चौसष्ट. चेंदणी कोळीवाड्यातील. ठाण्याच्या बाजारात तिने चाळीस वर्षे मासळी विकली आणि त्यातून मला, दामाजी नाखवा यास, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.पर्यंत नेले. १९८७ साली शस्त्रक्रियेच्या वेळी तिला दोन बाटल्या रक्त चढवावे लागले. हिपॅटायटिस सी हा विषाणू रक्तात ओळखण्याची चाचणी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तो त्या रक्तातून आला आणि गेली बारा वर्षे तिच्या यकृतात राहतो आहे. वर्तकनगरच्या डॉ. सरोज प्रधान यांनी स्पष्ट सांगितले की, यकृत कडक होऊ लागले आहे; विषाणू आत्ता घालवला तर यकृत वाचेल, आणखी काही वर्षांनी उपचार करण्यासारखे फारसे उरणार नाही.

उपचार दोन भागांचा आहे. इंटरफेरॉनचे इंजेक्शन सोमवार, बुधवार व शुक्रवारी. ते माझी पत्नी हेमा देईल. तिने शिकून घेतले आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. दुसरे औषध रिबाव्हिरीन, रोज पाच कॅप्सूल: सकाळी दोन, संध्याकाळी जेवणाबरोबर तीन. कॅप्सूल युरोपातील मूळ कंपनीच्या आहेत. पस्तीसची एक बाटली, म्हणजे बरोबर एक आठवडा. एकूण चोवीस आठवडे.

आई उपचारासाठी आमच्याकडे राहायला आली आहे. तिला अक्षरओळख नाही, म्हणून फ्रिजवर चौकोनांचा तक्ता लावला व दोऱ्याने पेन्सिल बांधली. सकाळच्या दोन ती माझ्यासमोर घेते, रेघ मी ओढतो. संध्याकाळी मी व हेमा घरी येण्यापूर्वीच तिचे जेवण होते. त्यामुळे तिला नीट समजावले: बाटलीतून तीन काढल्या की एक रेघ ओढायची. तिने एकदा करून दाखवले. तक्ता सुटसुटीत झाला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.


रविवार, १४ फेब्रुवारी

इंजेक्शनच्या दिवशी ताप येतो, अंग मोडून येते. हे अपेक्षित आहे. आई तक्रार करीत नाही. पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करते.

आज थोरली बहीण शेवंतीताई ठाण्याहून आली होती. आईची मासळीची पाटी आता ती चालवते. दुपारी आईने बाटली हातात घेऊन विचारले, ही कुठून येते. प्रश्नाने मला फार आनंद झाला. मी मुलीचा जुना नकाशा काढला आणि तिला सविस्तर सांगितले: युरोपातल्या कारखान्यातून माल बंदरावर येतो, तेथून जहाजाने सुवेझ कालव्यातून तांबड्या समुद्रात, पुढे अरबी समुद्र ओलांडून न्हावा-शेव्याला. आईने बोट ठेवून वाट पाहिली. समुद्राचा भाग तिने लगेच ओळखला.

"बोटीनं," ती म्हणाली. "पावसाल्यान पन?"

त्यावरून मी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांकडे वळलो, ते का वाहतात, जुन्या काळी गलबते त्या चार महिन्यांत बंदरात का नांगरून ठेवीत, हे सर्व सांगितले. ताई मध्येच उठून भाकऱ्या थापायला गेली. आई मात्र शेवटपर्यंत ऐकत होती, एकदाही मध्ये बोलली नाही. इतका लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता मला क्वचितच लाभतो.


सोमवार, १ मार्च

चार आठवडे पूर्ण. एसजीपीटी १४२ वरून १३१. (यकृताच्या पेशी दुखावल्या की हा घटक त्यांतून रक्तात झिरपतो, चाळिसाच्या आत असावा.) हिमोग्लोबिन १२.४ वरून १२.१. रिबाव्हिरीनने तांबड्या पेशी फुटतात व हिमोग्लोबिन उतरते, म्हणून डॉक्टर त्यावर डोळा ठेवून आहेत. आईचे जवळजवळ उतरलेच नाही. तिची प्रकृती मुळातच काटक आहे, असे मी डॉक्टरांना अभिमानाने सांगितले. त्या "हं" म्हणाल्या.

तक्ता निर्दोष आहे. एकही चौकोन रिकामा नाही.

आईने यंदा आगोट लवकर सुरू केली. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून त्याआधीच सुकी मासळी डब्यांत भरून ठेवायची, याला आमच्याकडे आगोट म्हणतात. ताईने बोंबील व जवळा आणून दिला. आई गॅलरीत बसून डबे भरते आणि कुणाला हात लावू देत नाही. शेजारच्यांनी वासाबद्दल विचारणा केली. मी त्यांना जवळ्यातील प्रथिनांचे प्रमाण सांगितले.


बुधवार, ३१ मार्च

आठ आठवडे. एसजीपीटी १२६. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली. त्यांच्या मते एव्हाना आकडा निम्म्याखाली यायला हवा होता.

दुसरी अडचण अशी की, परदेशी कॅप्सूल पुढे चालू ठेवणे आमच्या आवाक्याबाहेर गेले आहे, हे मी डॉक्टरांपाशी मान्य केले. ते म्हणताना मान खाली गेली. त्या म्हणाल्या, "नाखवा, हेच औषध तुमची कंपनी गेल्या वर्षापासून बनवते आहे ना? मग माझ्याकडे काय बघता?"

प्रश्न बरोबर होता. रिबाव्हिरीन हा एक रेणू आहे. तो युरोपात बनवला काय अन् मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत बनवला काय, त्यातील अणूंची मांडणी तीच. वर छापलेले नाव मात्र एकेका कंपनीचे. या कॅप्सूलच्या प्रत्येक बॅचवर 'पास' असा शेरा मारून मी स्वतः सही करतो. आणि तरीही, तीच कॅप्सूल आपल्या आईला द्यायची म्हटल्यावर मी 'विचार करून सांगतो' म्हणून उठलो. असे का म्हणालो, याचा शास्त्रीय खुलासा मला अद्याप सापडलेला नाही.


रविवार, ४ एप्रिल

घरात बैठक झाली. मी चाळीस मिनिटांची मांडणी तयार केली होती. फळाही आणला होता.

ताईने पहिल्या पाच मिनिटांतच तोडले. "दामू, आयेवर तुज्या कंपनीचा माल खपवायला बगतंस काय?"

हेमाने मध्ये पडण्याचा प्रयत्न केला. मी ताईला म्हणालो, पापलेट कुणाच्याही पाटीतून घेतले तरी ते पापलेटच असते.

"कोन बोलला?" ताई म्हणाली. "चाळीस वर्सं आमी काय केलं मंग? गिऱ्हाईक आदी पाटी बगतं, मंग मासली."

हा मुद्दा बिनतोड होता, हे नमूद करतो. रेणू एकच असला तरी तो किती भरला, किती शुद्ध आहे, पोटात वेळेवर विरघळतो की नाही, हे बनवणाऱ्यावर अवलंबून असते. ती पाटी तपासणे हेच तर माझे काम. मी तसे म्हणालो. ताई म्हणाली की, स्वतःच्या पाटीतली मासळी शिळी असे आजवर कुठलीही कोळीण बोललेली नाही.

शेवटी आई बोलली. तिने एवढेच विचारले की, ही कुठे बनते. मी म्हणालो, मानपाड्याला.

"बोट लागत नाय?"

"नाही. माझ्या स्कूटरच्या डिकीतून येईल."

"मंग आन," आई म्हणाली आणि उठून गॅलरीत गेली.

मला थोडे वाईट वाटले. शुद्धता, विद्राव्यता, स्थिरता यांपैकी एकही मुद्दा तिच्यापर्यंत पोहोचला नाही. तिने केवळ वाहतुकीची सोय पाहिली.


सोमवार, ५ एप्रिल

आज सकाळी पहिल्या दोन निळ्या कॅप्सूल. परदेशी पांढऱ्या होत्या, आमच्या फिकट निळ्या आहेत. आईने तळहातावर घेऊन पाहिल्या. "ताजी हाय," म्हणाली, भाजी बघून म्हणावे तसे. मी समजावले की, औषधाला ताजे-शिळे नसते. त्याला मुदत असते, आणि ही मुदत चोवीस महिन्यांची आहे. तिने ऐकून घेतले व पाण्याबरोबर गिळल्या.

परदेशी औषध ती दोन्ही हातांत धरत असे. हे मात्र चण्याफुटाण्यांसारखे तोंडात टाकते. घरच्या मालाची किंमत घरच्यांना नसते, हे मला लागले. पण लागले असे लिहिण्यापलीकडे मी काही करू शकत नाही.


शुक्रवार, २३ एप्रिल

आईला दम लागतो. गॅलरीत डबे भरता भरता खाली बसली. ओठ फिके वाटतात.


सोमवार, ३ मे

रक्ततपासणी. हिमोग्लोबिन १०.३. आठ आठवडे परदेशी औषधावर जे हलले नाही, ते चार आठवड्यांत दोनाच्या जवळपास उतरले.

एसजीपीटी ५८.

दोन्ही आकडे एकाच कागदावर आहेत. परंतु घरात सर्वांना पहिलाच दिसतो, कारण तो आईच्या चेहऱ्यावरही दिसतो. डॉक्टर म्हणाल्या, हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेले तर कॅप्सूल कमी कराव्या लागतील, साडेआठच्या खाली गेले तर बंद. कमी केल्या तर विषाणू जाण्याची खात्री कमी होते.

ताईने आईचे तळवे उलटसुलट करून पाहिले व माझ्याकडे न बघता हेमाला म्हणाली, "याला इचार, सई करताना आय आटवली व्हती का?"




बुधवार, ५ मे

ही वही माझ्यापुरती आहे, म्हणून लिहितो. ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला माहीत नाही. ४११ क्रमांकाच्या बॅचची कागदपत्रे मी तिसऱ्यांदा पाहिली. सर्व आकडे मर्यादेत. पण आपले औषध चांगले असावे अशी ज्याची इच्छा आहे, त्याच्याच हातून ते तपासले गेले, ही त्रुटी आहे. दुसऱ्या कुणाच्या वहीत ती दिसली असती तर मी तांबड्या शाईने खूण केली असती.


सोमवार, १० मे

आमचे विभागप्रमुख भावेसाहेब यांची परवानगी मागितली: परदेशी व आमची, दोन्ही कॅप्सूल शेजारी शेजारी तपासायच्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "नाखवा, हे आईसाठी की कंपनीसाठी?"

मी म्हणालो, दोन्हींसाठी.

"मग रंग ओळखू येऊ नये म्हणून भांड्यात कॅप्सूल मी सोडतो, तपासायचे नमुनेही मीच भरतो. तुम्हाला फक्त 'अ' आणि 'ब' दिसतील. आकडे लिहून झाल्यावर नावं सांगेन."

हे माझ्या मनातले होते. पण ते त्यांनी सुचवले याचा मला अधिक आनंद झाला. अशा माणसाच्या हाताखाली काम करणे हा माझ्या नोकरीचा मोठाच लाभ आहे.

अडचण परदेशी कॅप्सूलची होती. संध्याकाळी आईला सहज विचारले, जुन्यांपैकी एखादी राहिली आहे का. ती म्हणाली, "किती पायजेत?" मी म्हणालो, सहा मिळाल्या तर उत्तम. ती गॅलरीत गेली आणि फडक्यात बांधून मोजून सहा घेऊन आली. सुदैवच म्हणायचे.


शुक्रवार, १४ मे

निकाल लिहितो.

चाचणी सोपी आहे. काचेच्या भांड्यात शरीराइतके कोमट पाणी, त्यात फिरणारे वल्हे. कॅप्सूल सोडायची आणि ठरावीक वेळेला पाणी काढून किती औषध विरघळले ते मोजायचे. एक प्रकारे ते माणसाचे पोटच. अर्ध्या तासात 'अ' ९४ टक्के, 'ब' ९५ टक्के. औषधाचे प्रमाण 'अ' ९९.८, 'ब' ९९.६. भावेसाहेबांनी नावे सांगितली. 'अ' परदेशी, 'ब' मानपाड्याची. फरक चाचणीच्या नेहमीच्या चढउतारातला.

भावेसाहेबांनी हात मिळवला. प्रयोगशाळेतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. युरोपातल्या त्या थोरल्या कंपनीच्या शेजारी आमचा माल मांडला आणि तो तसूभर मागे नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे नोंदवायला हरकत नाही.

पण घरी येताना स्कूटरवर दुसरा विचार सुरू झाला आणि तो थांबेना. औषधे सारखी आहेत. मग परिणामही सारखा हवा. हिमोग्लोबिन उतरले म्हणून ताई आमच्या औषधाला नावे ठेवते. एसजीपीटी उतरला म्हणून हेमा ते परदेशीपेक्षा सरस म्हणते. दोघीही चुकत आहेत. सारख्या वस्तूने वाईट करणे हे जितके अशक्य, तितकेच अधिक चांगले करणेही अशक्य. औषध बदलले नसेल तर दुसरे काहीतरी बदलले आहे.

नऊ आठवडे, नऊ बाटल्या, त्रेसष्ट दिवस. रोज पाच. तीनशे पंधरा आल्या, तीनशे पंधरा लागल्या. तक्त्यात एकही चौकोन रिकामा नाही.

मग सोमवारी मला सहा मिळाल्याच कशा?


रविवार, १६ मे

ताई येईपर्यंत थांबलो. मग आईला विचारले की, त्या पांढऱ्या कॅप्सूल अजून आहेत का.

आईने अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. गॅलरीतून तिसरा डबा आणला. वर जवळ्याचा थर, खाली फडके, फडक्यात पांढऱ्या कॅप्सूल. ताईने जमिनीवर दहा-दहाचे वाटे घातले, बाजारात घालतात तसे. चौदा वाटे आणि वर चार. दिलेल्या सहा धरून दीडशे. रोजच्या तीन, म्हणजे पन्नास संध्याकाळी.

"आई, तू संध्याकाळच्या खाल्ल्याच नाहीस?"

"सकालच्या खाल्ल्या ना."

"आणि तक्त्यावरच्या रेघा?"

"बाटलीतून तीन काढल्या की रेघ वढायची. तूच बोललास. एक बी रेघ खोटी नाय."

हे खरे आहे. माझेच शब्द पहिल्या पानावर आहेत.

मी विचारले, का. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच काहीतरी विसरलो आहे. "आगोट नको? बोटीनं येतात बोललास. पावसाल्यान बोटी बंद. मंग चार मयने मी काय खाऊ? तुजं तोंड?"

ताई हसायला लागली आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. मी चार एप्रिलपासून पन्नास दिवस मागे मोजले आणि ही वही उघडली. चौदा फेब्रुवारी. नकाशा, सुवेझ, नैर्ऋत्य वारे. तिने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मी त्या संपूर्ण व्याख्यानात दिलेले नाही. आजची मोठी जहाजे पावसाळ्यातही येतात, हे एक वाक्य राहून गेले.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू शिकवत व्हतास," आई म्हणाली. "मदी कसं बोलायचं?"

मी विचारले की, मग निळ्या कॅप्सूल का साठवल्या नाहीत. त्यांचे महत्त्व तुला वाटले नाही का. हा प्रश्न उपचाराशी संबंधित नव्हता, तरी विचारला.

"यडा हाय का हा," आई ताईला म्हणाली. "ताजं दाराशी येतंय, ते कोन सुकत घालतं?"

याचा अर्थ मी असा लावतो की, उपलब्धता सुलभ झाल्याने औषध नियमित घेतले जाते. हा निष्कर्ष भावेसाहेबांना सांगण्याजोगा आहे.


मंगळवार, १८ मे

डॉक्टरांना सर्व सांगितले. दोष माझ्या सूचनांचा आहे हेही सांगितले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे ओढून नव्याने आखणी केली. पन्नास दिवस आईने रोज निम्म्याहून कमी औषध घेतले. पाच एप्रिलपासून प्रथमच तिच्या पोटात दीर्घकाळ पूर्ण मात्रा जाते आहे. हिमोग्लोबिनची घट म्हणजे पूर्ण मात्रेचा परिणाम आणि एसजीपीटीची घटही. एकच कारण, दोन आकडे.

निर्णय असा: चोवीस आठवडे पाच एप्रिलपासून मोजायचे, एकोणीस सप्टेंबरपर्यंत. डब्यातल्या पांढऱ्या कॅप्सूल वापरायच्या नाहीत. बाटलीबाहेर राहिलेल्या कॅप्सूल ओल धरू शकतात.

म्हणजे आईला आणखी चार महिने हा अशक्तपणा सोसायचा आहे. हिमोग्लोबिन दहाच्या वर टिकले पाहिजे. आज ते १०.१ आहे.


सोमवार, १४ जून

हिमोग्लोबिन १०.०. एसजीपीटी ३६, म्हणजे मर्यादेत. आयुष्यात प्रथमच एक आकडा पाहून टाळी वाजवावीशी वाटली आणि दुसरा पाहून हात थांबला.

आई दोन जिने तीन ठिकाणी बसून चढते. केस गळतात. अन्नाची चव गेली आहे. बोंबलाची चटणीसुद्धा माती लागते म्हणते. मी तिच्याजवळ बसून म्हणालो की, नको वाटत असेल तर सांग, डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करता येईल. संभाव्यतेचे आकडेही सांगू लागलो.

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "दामा, पाटी डोक्यावर घेतली की बाजारापर्यंत न्यायची. मदी उतरवली तर परत डोक्यावर घ्यायला कोन हाय?"

मी संभाव्यतेचा कागद घडी करून खिशात ठेवला.


सोमवार, १२ जुलै

१०.२. संध्याकाळच्या रेघा आता ताई ओढते. ती ठाण्याहून बाजार आटोपून रोज येते, तीन कॅप्सूल स्वतः आईच्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत समोर बसते. एवढ्या लांबून रोज येण्याची गरज नाही, हेमा लक्ष ठेवील, असे मी समजावले. ताई म्हणाली की, तुझा माल चांगला असेल, तुझी देखरेख चांगली नाही.

जाताना तिने विचारले की, बाजारातल्या एका बाईच्या नवऱ्यालाही हाच आजार निघाला आहे, त्याला ही निळी मिळेल का. मी तिला डॉक्टरांचा पत्ता दिला. मग मिळण्याची पद्धत सांगू लागलो, तोवर ती जिना उतरली होती.


रविवार, १९ सप्टेंबर

आज शेवटच्या तीन. आईने त्या खाल्ल्या, ताईने रेघ ओढली. एकशे अडुसष्ट दिवस, आठशे चाळीस निळ्या कॅप्सूल. या वेळी मी रिकाम्या पट्ट्या मोजल्या आहेत. हिमोग्लोबिन एकदाही दहाच्या खाली गेले नाही.

असा रुग्ण मी पाहिलेला नाही. लिहिता-वाचता न येणारी, चौसष्ट वर्षांची, आणि दुसऱ्यांदा पूर्ण सूचना मिळाल्यावर एकही मात्रा न चुकवणारी. पहिल्या वेळीही तिने सूचना काटेकोर पाळली होती. सूचनाच अपुरी होती. हे येथे स्पष्ट नोंदवणे मी माझे कर्तव्य समजतो.

उद्या रक्त देऊ. विषाणूची थेट तपासणी मुंबईत होते, निकालाला दहा दिवस.


शुक्रवार, १ ऑक्टोबर

पूर्ण दिवसाची रजा घेतली होती. आईला स्कूटरवर मागे बसवून वर्तकनगरला गेलो.

डॉक्टरांनी पाकीट फोडले, वाचले आणि कागद माझ्याकडे दिला. विषाणू आढळला नाही. सहा महिन्यांनी आणखी एकदा तपासायचे आहे. तेव्हाही हेच उत्तर आले की मग पूर्ण निश्चिंत. परंतु उपचाराने जे करायचे होते ते केले आहे. मी आईकडे वळलो. ही तपासणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याच्या असंख्य प्रती काढून कशी होते, 'आढळला नाही' याचा नेमका अर्थ काय, हे मी गेले दहा दिवस सोप्या भाषेत जुळवून ठेवले होते.

आईने हात वर केला. "शिकवू नको. बरं हाय का नाय, तेवडं सांग."

"बरं हाय, आये," मी म्हणालो.

डॉक्टर खिडकीकडे बघू लागल्या. मी असे बोललो हे मला कळलेही नाही. घरी आल्यावर आईने हेमाला तसे करून दाखवले तेव्हा समजले. शाळेत गेल्यापासून मी घरात प्रमाण भाषा बोलत आलो आहे. भावनेच्या भरात माणसाची भाषा सैल होते, एवढेच.

परतताना आई म्हणाली, कारखाना दाखव. मी मानपाड्याला फाटकापाशी स्कूटर उभी केली. बाहेरच्या व्यक्तीला आत का नेता येत नाही, निर्जंतुक विभागाचे नियम काय असतात, हे तिला सांगितले. तिला आत जायचे नव्हतेच. तुझी खिडकी कोणती, एवढे तिने विचारले. मी दाखवली. दुसरा मजला, डावीकडून तिसरी. ती पदर डोक्यावर घेऊन बराच वेळ त्या खिडकीकडे बघत उभी होती. खिडकी नेहमीसारखीच होती, काच थोडी धुळकट. त्यात इतके बघण्यासारखे काय होते, ते मला उमगले नाही.

मग तिने मला दंडाला धरून फाटकाकडे वळवले.

"जा, कामाला लाग. लोकां वाट बगत असतील."

मी म्हणालो, आज रजा आहे. शिवाय तू घरी कशी जाशील.

"रिक्षानं. मी काय आजारी हाय?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिला रिक्षात बसवून मी आत गेलो, हात धुतले, पांढरा कोट चढवला. ४६३ क्रमांकाच्या बॅचचे नमुने टेबलावर आलेले होते. भांड्यात कोमट पाणी भरले, पहिली कॅप्सूल सोडली आणि घड्याळ लावले. भावेसाहेब दारात येऊन थांबले. "नाखवा, तुमची आज रजा होती ना?"

मी वल्ह्यावरची नजर न काढता म्हणालो, "आईने पाठवले."